लिनक्स सर्व्हरवरचा सॉफ्टवेअर रेड बिघडतो तेव्हा डिस्क काय सांगत असतात

रेडचा ॲरे, म्हणजे एकत्र बांधून एक म्हणून वापरलेल्या डिस्कचा गट, तुटला की हात आपसूक कीबोर्डकडे जातो आणि बऱ्याचदा खरं नुकसान तिथून पुढे सुरू होतं. डिस्क बाहेर पडली, ॲरे थांबला, फाइल सिस्टीम माउंट होईना, एवढ्यावर प्रकरण थांबलं असेल तर डेटा बहुतेक सगळा अजून जागेवर असतो. तो जातो घाबरून चालवलेल्या ‘क्रिएट’ या नवा ॲरे बनवणाऱ्या कमांडमुळे, चुकीच्या डिस्कवर सुरू झालेल्या रिबिल्डमुळे (म्हणजे उरलेल्या डिस्कवरून मजकूर काढून डिस्क नव्याने भरण्यामुळे), नाहीतर अर्धवट जुळलेल्या ॲरेवर चालवलेल्या एफएससीके या फाइल सिस्टीम दुरुस्त करणाऱ्या कमांडमुळे. म्हणून या लेखात दुरुस्तीच्या कमांडपेक्षा वाचण्याला जास्त जागा दिली आहे. डिस्क आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्याला काय सांगत असतात, ते कुठे लिहिलेलं असतं आणि त्यातून काय समजायचं, हे एकदा कळलं की दुरुस्ती दोन-तीन ओळींचं काम उरतं.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पडद्यामागे काय चालतं

1988 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी असं मांडलं की एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधल्या तर वेगही मिळतो आणि एखादी डिस्क गेली तरी काम थांबत नाही. रेड हे नाव तिथलं. लिनक्समध्ये हे काम कर्नेलमधला ‘एमडी’ नावाचा भाग करतो, त्याला वेगळं कार्ड लागत नाही. आपण त्याच्याशी ज्या साधनातून बोलतो ते एमडीॲडम. नील ब्राउन यांनी लिहिलेलं हे साधन आज जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात मिळतं.

रेड 1 मध्ये एकच मजकूर दोन डिस्कवर लिहिला जातो. रेड 10 मध्ये अशा जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. रेड 0 मध्ये फक्त वेग आहे, संरक्षण काहीही नाही. एक डिस्क गेली की सगळं गेलं. रेड 5 समजायला थोडा हिशेब करावा लागतो. तीन डिस्कवर 4, 7 आणि 5 हे आकडे आहेत असं धरा आणि चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज 16 लिहून ठेवली. आता 7 असलेली डिस्क गेली, तर 16 मधून 4 आणि 5 वजा केले की 7 परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी एक्सऑर ही बिटांची क्रिया वापरतात आणि ही ‘पॅरिटी’ एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरती ठेवतात, पण तत्त्व हेच. एक आकडा हरवला तर हिशेब सुटतो, दोन हरवले तर सुटत नाही. रेड 6 मध्ये दोन वेगवेगळे हिशेब लिहिलेले असतात, म्हणून तिथे दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

दुरुस्तीच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुपरब्लॉक. ॲरेतल्या प्रत्येक डिस्कवर एक छोटी नोंद असते: हा ॲरे कोणता, त्याची लेव्हल काय (रेड 1, रेड 5 वगैरे), चंक म्हणजे एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा केवढा, ही डिस्क कितव्या जागेवरची, डेटा नेमका कुठून सुरू होतो आणि शेवटची नोंद कधी झाली. आजकालच्या 1.2 या आवृत्तीत ही नोंद पार्टिशनच्या सुरुवातीपासून 4 केबी आत असते, 1.0 आणि जुन्या 0.90 मध्ये ती शेवटाकडे असते. याचा अर्थ असा की ॲरेची ओळख सर्व्हरच्या सेटिंगमध्ये नाही, डिस्कवरच आहे. मदरबोर्ड जळला तर त्याच डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला, वाटेल त्या क्रमाने लावा, ॲरे जुळतो. सॉफ्टवेअर रेड मला हार्डवेअर कार्डापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो तो यामुळेच. तिथे कार्ड गेलं की बऱ्याचदा तसंच कार्ड शोधत फिरावं लागतं.

पहिली नजर एमडीस्टॅटवर

सगळ्यात आधी ‘कॅट /प्रोक/एमडीस्टॅट’. या कमांडने काहीही बदलत नाही, म्हणून ती कितीही वेळा चालवा. चार डिस्कच्या रेड 5 मधली एक डिस्क बाहेर पडल्यावर साधारण असं दिसतं:

एमडी0 : ॲक्टिव्ह रेड5 एसडीई1[4] एसडीडी1[2] एसडीसी1[1] एसडीबी1[0](एफ)
[4/3] [_यूयूयू]

‘[4/3]’ म्हणजे हव्यात चार, चालू आहेत तीन. पुढच्या कंसात प्रत्येक जागेसाठी एक खूण असते. ‘यू’ म्हणजे डिस्क कामावर आहे, आडवी रेघ म्हणजे ती जागा रिकामी. इथे पहिली जागा रिकामी आहे आणि एसडीबी1 पुढचा ‘एफ’ सांगतो की तिला नापास ठरवलं गेलंय. एसडीई1 पुढे 3 ऐवजी 4 पाहून अनेक जण गोंधळतात, पण तो दोष नाही. रेड 5 नव्याने बनवताना एमडीॲडम शेवटची डिस्क आधी राखीव म्हणून घेतं आणि बाकीच्यांवरून तिच्यावर रिबिल्ड करतं, त्यामुळे तिला पुढचा क्रमांक मिळतो. याच कारणाने अगदी कोरा, नुकताच बनवलेला रेड 5 पहिले काही तास ‘[4/3]’ आणि ‘रिकव्हरी’ असं दाखवतो. ते पाहून ॲरे मोडून पुन्हा बनवायला घेऊ नका. तो त्या वेळीही वापरता येतो. फक्त सिंक, म्हणजे डिस्कवरचा मजकूर एकमेकांशी जुळवण्याचं काम, पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडून संरक्षणाची अपेक्षा ठेवायची नाही.

दुसरा नेहमीचा गोंधळ असा: ओळीत ‘इनॲक्टिव्ह’ दिसतं आणि सगळ्याच डिस्कपुढे ‘एस’. ‘एस’ म्हणजे स्पेअर, राखीव डिस्क, त्यामुळे वाटतं की आपल्या सगळ्या डिस्क स्पेअर होऊन बसल्या. तसं झालेलं नसतं. ॲरे जुळवायला सुरुवात झाली, पण पुरेशा डिस्क वेळेत आल्या नाहीत आणि काम अर्धवट थांबलं, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हा अर्धवट ॲरे त्या डिस्क धरून बसतो, म्हणून पुढची प्रत्येक कमांड ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणत परत येते. आधी ‘एमडीॲडम --स्टॉप’ देऊन तो अर्धवट ॲरे सोडवायचा, मग पुन्हा जुळवायचा.

एमडीस्टॅट पाहून झालं की ‘जर्नलसीटीएल -के’ किंवा ‘डीमेसेज’मध्ये कर्नेलचे निरोप वाचा, विशेषतः डिस्क बाहेर पडली त्या मिनिटाचे. दोन-तीन डिस्क एकाच सेकंदाला पडल्या असतील तर डिस्कवर संशय घेण्याआधी त्यांच्यात काय समान आहे ते बघा: एकच पॉवर केबल, एकच सॅटा कंट्रोलर, एकच बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड). तिघी एकदम मरण्यापेक्षा त्यांना जोडणारी वस्तू बिघडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

डिस्क ओळखताना एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका. रीबूटनंतर ही नावं बदलू शकतात. ‘एलएसबीएलके’ला नाव, आकार आणि सीरियल हे रकाने मागा, सीरियल नंबर कागदावर उतरवा आणि डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा. तुटलेल्या रेड 5 मधून चांगली डिस्क उपसून काढली तर एका क्षणात दोन डिस्क गेल्यासारखं होतं.

इव्हेंट काउंट: कोणावर विश्वास ठेवायचा

आता खरा कठीण प्रसंग. चार डिस्कचा रेड 5, त्यातल्या दोन बाहेर. ॲरे थांबला, आणि जुळवायला गेलं तर एमडीॲडम म्हणतं की डिस्क पुरेशा नाहीत. इथे बहुतेक जण हात टेकतात. खरं तर इथेच सुपरब्लॉक कामाला येतो.

प्रत्येक सदस्यावर ‘एमडीॲडम --एक्झामिन’ चालवा आणि सगळं उत्तर ॲरेबाहेरच्या एखाद्या पेन ड्राइव्हवर फाइल करून ठेवा. ही फाइल म्हणजे तुमचा विमा आहे, पुढे काही चुकलं तर मूळ मांडणी कशी होती ते फक्त तीच सांगू शकेल. उत्तरात चार गोष्टी बघायच्या: डिव्हाइस रोल, अपडेट टाइम, इव्हेंट्स आणि ॲरे स्टेट. समजा हे मिळालं:

एसडीबी1: जागा 0, इव्हेंट्स 31077, स्टेट ‘एएएए’
एसडीसी1: जागा 1, इव्हेंट्स 48209, स्टेट ‘.एएए’
एसडीडी1: जागा 2, इव्हेंट्स 48213, स्टेट ‘..एए’
एसडीई1: जागा 3, इव्हेंट्स 48213, स्टेट ‘..एए’

ॲरेच्या स्थितीत काही बदल झाला की, म्हणजे तो सुरू-बंद झाला, एखादी डिस्क आली-गेली, लिहिणं सुरू झालं किंवा थांबलं, की सगळ्या हजर डिस्कवर हा इव्हेंट्सचा आकडा वाढतो. जी डिस्क हजर नाही तिचा आकडा तिथेच अडकतो. बँकेच्या पासबुकात शेवटची नोंद पाहून ते कधी भरून घेतलं होतं हे कळतं, तसं.

‘ए’ म्हणजे ती जागा चालू आणि टिंब म्हणजे गायब. एसडीबी1 चं मत काय, तर चारही डिस्क ठणठणीत आहेत. म्हणजे ही डिस्क सगळ्यात आधी बाहेर पडली. ती पडली तेव्हा सगळं ठीक होतं आणि त्यानंतरचं तिला काहीच माहीत नाही. जी डिस्क सगळं आलबेल असल्याचं सांगते तिच्यावरच सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा, ही गोष्ट उलटी वाटते, पण पक्की लक्षात ठेवा. 31077 ते 48213 या दरम्यान जे काही लिहिलं गेलं ते तिच्यावर नाही. तिचा अपडेट टाइम पाहिला तर कदाचित दोन महिन्यांपूर्वीचा निघेल. ॲरे तेव्हापासून तीन पायांवर चालला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एसडीसी1 मात्र नुकतीच पडली आहे. तिचा आकडा बाकीच्यांपेक्षा फक्त चारने मागे आहे. दुसरी डिस्क गेल्यावर रेड 5 लगेच थांबतो, त्यामुळे तिच्या पडण्यानंतर फारसं काही लिहिलं गेलेलं नसतं. म्हणून योग्य जुळणी एसडीसी1, एसडीडी1 आणि एसडीई1 या तिघींची, एसडीबी1 बाहेर. या तिघी देऊन ‘एमडीॲडम --असेंबल --फोर्स’ चालवलं की एमडीॲडम एसडीसी1 वरचा आकडा पुढे ओढून घेतं आणि ॲरे तीन डिस्कवर सुरू होतो. शेवटच्या क्षणी चाललेलं एखाद-दुसरं लिखाण विस्कटलेलं असू शकतं, बाकी सगळं मिळतं. वीज जाऊन सर्व्हर बंद पडला आणि एक डिस्क आधीच गेलेली असली, तर कर्नेल ‘डर्टी डिग्रेडेड ॲरे’ सुरू करायला नकार देतो. तिथेही हाच ‘फोर्स’ लागतो.

पण ‘फोर्स’ सुपरब्लॉकवर लिहितो. डेटा खरोखर मोलाचा असेल तर मी आधी थेट डिस्कवर प्रयोग करायला देणार नाही. शक्य असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ने प्रत्येक डिस्कची नव्या डिस्कवर नक्कल करा आणि नकलेवर काम करा. तेवढ्या डिस्क हाताशी नसतील तर डिव्हाइस मॅपरचा ओव्हरले वापरा. प्रत्येक डिस्कसाठी एक रिकामी फाइल बनवायची, ती लूप डिव्हाइस म्हणून जोडायची आणि ‘डीएमसेटअप’ने मूळ डिस्कवर स्नॅपशॉट चढवायचा. वाचन मूळ डिस्कवरून होतं, लिखाण मात्र त्या फाइलीत जातं. जुळणी चुकली तर ओव्हरले मोडून पुन्हा नव्याने सुरुवात करता येते आणि मूळ डिस्कला धक्काही लागत नाही. मांडायला अर्धा तास जातो, पण दहा वेगळ्या जुळण्या निर्धास्तपणे करून पाहता येतात.

ॲरे सुरू झाल्यावर लगेच नेहमीसारखं माउंट करू नका. एक्स्ट-4 असेल तर ‘एफएससीके -एन’ने नुसतं तपासा, हा पर्याय काहीही दुरुस्त करत नाही. मग ‘आरओ,नोलोड’ देऊन माउंट करा. नुसतं ‘आरओ’ दिलं तरी एक्स्ट-4 आपलं जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) पुन्हा चालवतं आणि डिस्कवर लिहितं, हे अनेकांना ठाऊक नसतं. एक्सएफएससाठी हेच काम ‘नोरिकव्हरी’ करतो. मोठ्या फाइली उघडून बघा. छोट्या फाइली एकाच चंकमध्ये मावतात, त्यामुळे डिस्कचा क्रम चुकलेला असला तरी त्या ठीक दिसू शकतात. पाचशे एमबीचा व्हिडिओ किंवा झिप फाइल शेवटपर्यंत नीट उघडली तर क्रम बरोबर आहे. मग गरजेचा डेटा आधी बाहेर कॉपी करा आणि त्यानंतरच नवी डिस्क घालून रिबिल्ड सुरू करा. रिबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो आणि नुकतीच आजारी पडलेली एसडीसी तो भार सोसेल याची खात्री नाही.

आणि ‘एमडीॲडम --क्रिएट’? जुन्या ॲरेवर तो चालवायचा नाही. इंटरनेटवर ‘क्रिएट --अझ्यूम-क्लीन’ने डेटा परत मिळाल्याच्या गोष्टी सापडतात आणि त्या खऱ्याही असतात. पण त्यासाठी लेव्हल, चंक, डिस्कचा क्रम, सुपरब्लॉकची आवृत्ती आणि डेटा ऑफसेट, म्हणजे डेटा कुठून सुरू होतो ती जागा, हे सगळं हुबेहूब मूळ ॲरेसारखं द्यावं लागतं. एमडीॲडमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनी हा ऑफसेट वेगवेगळा धरला आहे, म्हणून पाच वर्षांपूर्वी बनवलेला ॲरे आजच्या एमडीॲडमने ‘तसाच’ बनवला तरी तो तसाच बनेल असं नाही. शिवाय ‘अझ्यूम-क्लीन’ लिहायला विसरलात तर लगेच सिंक सुरू होतं आणि एका डिस्कवर चुकीचा हिशेब लिहिला जाऊ लागतो. हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही फक्त ओव्हरलेवर.

‘--ॲड’ बद्दलही एक खबरदारी. पूर्वी तुटलेल्या ॲरेत जुनी डिस्क ‘ॲड’ केली की ती कोरी स्पेअर होऊन बसायची आणि तिचा जुना क्रमांक पुसला जायचा. आताचं एमडीॲडम अशा वेळी आधी ‘री-ॲड’ करून पाहतं आणि ते जमलं नाही तर ‘ॲड’ करायला नकार देऊन तसं सांगतं. त्या निरोपात सुपरब्लॉक पुसण्याचाही मार्ग सुचवलेला असतो. ॲरे चालू असेल आणि ही डिस्क नक्की टाकाऊ असेल तरच तो मार्ग घ्यायचा. राइट-इंटेंट बिटमॅप चालू असेल तर ‘री-ॲड’ फार उपयोगी पडतो. डिस्क बाहेर असताना कुठल्या भागात लिहिलं गेलं याची खूण बिटमॅपमध्ये असते, त्यामुळे सगळी डिस्क नव्याने न भरता तेवढाच भाग सिंक होतो. केबल सैल होऊन डिस्क दहा मिनिटं गायब झाली होती, अशा वेळी चौदा तासांचं काम काही मिनिटांत उरकतं.

चांगली डिस्क बाहेर का फेकली जाते

घरगुती वापराच्या डिस्क रेडमध्ये लावल्या की एक तक्रार हटकून येते: डिस्क नापास होते, बाहेर काढून तपासली तर ठीक निघते, परत लावली की महिन्याभरात पुन्हा बाहेर. याचं कारण बऱ्याचदा दोन घड्याळांत असतं.

एखादा सेक्टर वाचता आला नाही तर घरगुती डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते, कधी कधी दोन मिनिटांहूनही जास्त वेळ, कारण ती एकटीच असते असं गृहीत धरलेलं असतं. कर्नेल मात्र डिस्कच्या उत्तराची 30 सेकंद वाट बघतो आणि मग जोडणी रीसेट करतो. एमडीचा खरा शहाणपणा इथे वाया जातो. सेक्टर वाचता आला नाही असं डिस्कने लवकर सांगितलं असतं, तर एमडीने तो मजकूर बाकीच्या डिस्कवरून काढून त्याच जागी पुन्हा लिहिला असता, डिस्कने तो सेक्टर बदलून घेतला असता आणि काम पुढे चाललं असतं. पण डिस्क अजून जुन्याच प्रयत्नात गुंतलेली असते, रीसेटलाही उत्तर देत नाही, एमडीचं लिखाण फसतं आणि लिखाण फसलं की एमडी पूर्ण डिस्क बाहेर काढतो. एका खराब सेक्टरपायी आठ टीबीची डिस्क गेली. रिबिल्ड सुरू झाल्यावर दुसऱ्या डिस्कवर असाच एक सेक्टर भेटला की ॲरे बसला.

उपाय सोपा आहे आणि प्रत्येक सॉफ्टवेअर रेडवर तो आधीच केलेला असावा. ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी’ने विचारा की डिस्कला वेळेची मर्यादा घालता येते का. येत असेल तर वाचन आणि लेखन दोन्हींसाठी 70 हा आकडा द्या. तो सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे 7 सेकंद. नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवण यंत्रासाठी) विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये ही मर्यादा सहसा आधीच घातलेली असते. ज्या डिस्कला ही सोय नाही तिच्यासाठी उलट कर्नेललाच थांबायला सांगायचं: ‘/सिस/ब्लॉक’खाली त्या डिस्कच्या ‘डिव्हाइस/टाइमआउट’ या फाइलीत 30 च्या जागी 180 लिहा. या दोन्ही गोष्टी वीज गेली की विसरल्या जातात, म्हणून त्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये किंवा यूडेव्ह या डिव्हाइस जोडले की चालणाऱ्या सेवेच्या नियमात घाला.

डिस्कच खराब आहे की नाही हे ठरवताना ‘स्मार्टसीटीएल -ए’मधले तीन आकडे बघा. क्रमांक 5 म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर आणि 197 म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. हे दोन वाढत असतील तर डिस्क बदला. 199 वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला. तो आकडा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला डेटा मोजतो. केबल बदलल्यावर तो शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

डिस्क आजारी आहे पण अजून चालू आहे, अशा वेळी तिला ‘फेल’ करून काढू नका. नवी डिस्क आधी स्पेअर म्हणून जोडा आणि ‘--रिप्लेस’ वापरा. मजकूर जुन्या डिस्कवरून थेट नव्यावर जातो, जिथे जुनी अडखळते तेवढाच भाग पॅरिटीतून काढला जातो आणि या सगळ्या वेळात ॲरेचं संरक्षण टिकून राहतं. कर्नेल 3.3 पासून ही सोय आहे, तरी ती वापरणारे मला फार कमी भेटतात.

एमडी0 चा एमडी127 झाला

रीबूट केलं आणि एमडी0 च्या जागी एमडी127 उगवला, एफएसटॅब या माउंटची यादी असलेल्या फाइलीतलं माउंट फसलं, सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकला. घाबरण्यासारखं यात काही नाही, डेटा सुरक्षित आहे. बूटच्या सुरुवातीला जो छोटा इनिटरॅमएफएस चालतो त्याच्याजवळच्या सेटिंगमध्ये या ॲरेचं नाव नाही, म्हणून त्याला परका समजून 127 पासून खाली मोजत नाव दिलं गेलं.

‘एमडीॲडम --डिटेल --स्कॅन’ जी ओळ देतं ती डेबियन आणि उबंटूवर ‘/ईटीसी/एमडीॲडम/एमडीॲडम.कॉन्फ’मध्ये, तर रेड हॅट घराण्यात ‘/ईटीसी/एमडीॲडम.कॉन्फ’मध्ये घाला. त्याच ॲरेची जुनी ओळ तिथे असेल तर आधी काढा, एकाच ॲरेच्या दोन ओळी नव्या गोंधळाला आमंत्रण देतात. मग विसरायची नाही अशी पायरी: डेबियनकडे ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, रेड हॅटकडे ‘ड्रेकट -एफ’. कॉन्फ फाइल बदलली आणि हे राहिलं तर बूटच्या वेळी जुनीच प्रत वाचली जाते. एफएसटॅबमध्ये एमडी0 असं नाव न लिहिता फाइल सिस्टीमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा. नुसत्या डेटाच्या ॲरेला ‘नोफेल’ जोडा, म्हणजे तो नाही आला तरी सर्व्हर उभा राहील आणि तुम्हाला दुरून लॉगिन करता येईल.

रेड 1 वरून बूट होणाऱ्या सर्व्हरवर ग्रब हा लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम दोन्ही डिस्कवर बसवलेला आहे का, तेही पाहा. तो फक्त पहिलीवर असेल तर पहिली डिस्क गेल्यावर दुसरीवर सगळा डेटा असूनही मशीन बूट होणार नाही. यूईएफआय (नव्या प्रकारचं मदरबोर्डचं फर्मवेअर) असेल तर त्याचं छोटं पार्टिशन प्रत्येक डिस्कवर वेगळं ठेवा, कारण फर्मवेअरला रेड कळत नाही. त्याच कारणाने डिस्क पार्टिशन न करता अख्खी ॲरेत देणं मी टाळतो: काही मदरबोर्डांचं फर्मवेअर अशा डिस्कवर पार्टिशन टेबल ‘दुरुस्त’ करायला जातं आणि त्यात सुपरब्लॉक पुसला जातो.

रिबिल्ड रेंगाळतोय

8 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबी या वेगाने भरायला जवळपास 15 तास लागतात, हे आधी मान्य करू. एमडीस्टॅटमधला वेग याच्या आसपास असेल तर बिघाड काही नाही. तो एक-दोन एमबीवर घुटमळत असेल तर ‘डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मिन’ तपासा. ॲरे वापरात असताना एमडी रिबिल्डला मागे ठेवतो आणि ही किमान मर्यादा मुळात सेकंदाला फक्त 1000 केबी असते. ती 50000 केली की फरक दिसतो. तरीही वेग पडत असेल तर डिस्क एसएमआर प्रकारची आहे का ते शोधा. या डिस्कवर पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात आणि सलग बरेच तास लिहिलं की त्या दमतात. 2020 च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या तिच्या ‘रेड’ (लाल रंग या अर्थाच्या) नावाच्या मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क याच प्रकारच्या होत्या. तेव्हापासून डिस्क घेताना मॉडेल नंबर शोधून ती सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, आहे का ते बघणं गरजेचं झालं.

मोठ्या डिस्कवर रेड 5 लावूच नये असं माझं मत आहे. अनेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात 10 चा 14 वा घात इतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर अशी मर्यादा दिलेली असते, म्हणजे साधारण 12.5 टीबी. 8 टीबीच्या चार डिस्कचा रेड 5 रिबिल्ड करताना 24 टीबी वाचावे लागतात. रेड 6 ला एक डिस्क जास्त लागते, पण अशा सेक्टरशी तो निभावून नेतो. आणि कुठलाही रेड बॅकअपची जागा घेत नाही. चुकून डिलीट केलेलं फोल्डर तो सगळ्या डिस्कवरून तितक्याच तत्परतेने डिलीट करतो.

दोन सवयी

पहिली, महिन्याची तपासणी. ‘सिंक_ॲक्शन’ या फाइलीत ‘चेक’ लिहिलं की एमडी सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो, न वाचता आलेले सेक्टर तिथल्या तिथे दुरुस्त करतो आणि हिशेब न जुळलेल्या जागा ‘मिसमॅच_काउंट’मध्ये मोजतो. डेबियनने बरीच वर्षं ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप लावलेली आहे, त्यामुळे रविवारी पहाटे सर्व्हर मंद झाला तर आधी एमडीस्टॅटमध्ये ‘चेक’ दिसतोय का ते पाहा. रेड 5 किंवा 6 वर हा आकडा शून्यच असायला हवा. रेड 1 वर स्वॅप असेल तर थोडा आकडा दिसणं चालतं.

दुसरी, इशारा. मघाची एसडीबी1 दोन महिने बाहेर राहिली ती कोणाला मेल गेला नाही म्हणून. कॉन्फ फाइलीत ‘मेलॲड्रेस’पुढे ‘रूट’ लिहिलेलं असतं आणि रूटचा मेल बहुतेक सर्व्हरवर कोणी उघडत नाही. तिथे रोज वाचला जाणारा पत्ता घाला आणि ‘एमडीॲडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट’ चालवा. प्रत्येक ॲरेसाठी एक चाचणीचा मेल यायला हवा. आला नाही तर सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नसण्याची शक्यता मोठी. पोस्टफिक्स किंवा एमएसएमटीपी बसवा आणि तीच कमांड पुन्हा चालवा.